खारपाणपट्ट्यातून कंकणद्वीपाकडे

वऱ्हाडातील ज्या महाविद्यालयात मी एकतीस वर्षे प्राणिशास्त्र शिकविले, त्याच्या प्रयोगशाळेत उत्तरेकडील भिंतीला लागून सागवानी लाकडाचे एक उंच कपाट आहे, आणि त्या कपाटाच्या मधल्या फळीवर, फॉर्मलिनने पिवळट पडलेल्या तारामाशांच्या व समुद्रपुष्पांच्या बरण्यांशेजारी, मुठीएवढा, पांढराशुभ्र, अंगभर बारीक छिद्रे असलेला एक दगड ठेवलेला आहे. त्याखालच्या चिठ्ठीवर ‘प्रवाळ’ हा एक शब्द आणि जडवस्तुसंग्रहाच्या नोंदवहीतील क्रमांक एवढाच मजकूर आहे. तो कोणत्या समुद्रातून आला, कोणत्या साली आला, कोणी आणला, याचा दाखला दप्तरात कोठेही नाही. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी त्या दगडाची आकृती काढली आणि प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत तो ओळखून गुण मिळविले. सुमारे बारा वर्षांपूर्वी दर्यापूर तालुक्यातून आलेल्या एका विद्यार्थिनीने मात्र तो हातात घेतला आणि मला विचारले, “सर, हा जिता होता तवा कोन्या रंगाचा होता?” पोवळे म्हणजे तांबडे, ही नवरत्नांच्या अंगठीवरून झालेली समजूत तिचीही होती. अंगठीतले तांबडे पोवळे भूमध्य समुद्रात वाढते आणि बेटे रचणारा प्रवाळ हा त्याचा दूरचा नातलग होय, एवढे मला पुस्तकावरून ठाऊक होते. पण जिवंत प्रवाळ मी स्वतः कधी पाहिला नव्हता, आणि तसे मी तिला सांगितले. प्रस्तुत पुस्तक हे त्या प्रश्नाचे तिने स्वतः जाऊन मिळविलेले उत्तर आहे. त्याला प्रस्तावना लिहिण्याचा मान तिने मला दिला, याचे मला समाधान वाटते. आणि पुस्तक मी दोनदा वाचले असल्याने जे लिहितो आहे ते भिडेखातर लिहीत नाही, हेही आरंभीच नमूद करून ठेवतो.

समुद्रापासून दूरच्या मुलखात समुद्रजीवांचे शिक्षण कसे होते, हे ज्यांनी ते घेतले वा दिले त्यांनाच कळेल. १९२३ साली अमरावतीस किंग एडवर्ड महाविद्यालय निघाले, तेच पुढे विदर्भ महाविद्यालय झाले. तेव्हापासून या भागात विज्ञानाची जी परंपरा रुजली, तिच्यात समुद्र नेहमीच पिंपात भरून आला. दरवर्षी मुंबईहून रेल्वेने बडनेरा स्थानकावर पिंपे उतरत. त्यांत स्कोलिओडॉन जातीचे लहान शार्क, म्हणजे किनाऱ्यावरचे लोक ज्यांना मुशी म्हणतात ते मासे, एकावर एक रचलेले असत. आणि झाकण काढताच डोळ्यांना झोंबणाऱ्या त्या वाफेतून वाट काढीत विद्यार्थी त्यांच्या मेंदूच्या नसा मोकळ्या करीत. पुढे ही विच्छेदने बंद झाली, ते योग्यच झाले. परंतु त्यांच्याबरोबर आमच्या विद्यार्थ्यांचा समुद्राच्या प्राण्याशी हाताचा म्हणून जो काही थोडका संबंध उरला होता, तोही संपला, हे मान्य केले पाहिजे. अकोल्याहून मुंबई लोहमार्गाने सुमारे ५८० किलोमीटर आहे. प्राणिशास्त्राची पदवी घेऊनही भरती-ओहोटी कधी न पाहिलेले पदवीधर मी दरवर्षी पाहत आलो आहे.

तरीही वऱ्हाडाचा आणि समुद्राचा काही संबंधच नाही, हे लेखिकेला मान्य नाही, आणि तिचे पहिले प्रकरण वाचल्यावर ते मलाही मान्य राहिले नाही. ज्या तालुक्याच्या गावाच्या नावातच दर्या आहे, त्या दर्यापुराच्या परिसरात विहिरीचे पाणी तोंडात घेतले तर ते खारट लागते. पूर्णा नदीच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरांवर पसरलेला हा खारपाणपट्टा. येथील शेतकरी विहीर असूनही पावसाकडे डोळे लावून बसतो, कारण त्या पाण्याने जमीन चोपण होते. सातपुड्यात उगम पावलेली पूर्णा पश्चिमेला वाहत जाऊन चांगदेवाजवळ तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. तेव्हा दर्यापूरच्या एखाद्या वावराच्या धुऱ्यावरून वाहिलेले पावसाचे पाणी शेवटी ज्या समुद्रात जाते, त्याच समुद्रातून पुढल्या मृगात ते परत येते. शिक्षणासाठी ती किनाऱ्याकडे निघाली तेव्हा घरातील एका वडीलधाऱ्याने तिला विचारले होते, “आपल्याले समुद्राचं काय करा लागते?” प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. ज्याची पऱ्हाटी जूनच्या पहिल्या पावसावर अवलंबून आहे त्याच्याइतका समुद्राशी बांधलेला माणूस दुसरा कोण, असे उत्तर तिला पुढे पुष्कळ वर्षांनी सुचले. निघतेवेळी ती गप्प राहिली होती, असे तिने प्रांजळपणे लिहिले आहे.

मिठाचा इतिहास या प्रकरणात थोडक्यात पण चांगला आला आहे. अकोला जिल्ह्यातील दहीहंडा परिसरातील खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून पूर्वी मीठ काढीत असत. इंग्रजी अमलात ते बंद पडले. आणि १९३० साली सविनय कायदेभंगाची हाक आली तेव्हा, ज्या प्रांताला समुद्रकिनारा नाही त्या प्रांतातील सत्याग्रहींनी दहीहंड्याच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडला. दांडीला समुद्र होता, दहीहंड्याला विहीर होती. लोणारचेही वर्णन तिने केले आहे. उल्कापाताने काळ्या पाषाणात पडलेल्या त्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातील सरोवराचे पाणी समुद्राहून वेगळ्या प्रकारे खारे, किंबहुना अत्यंत क्षारयुक्त आहे; अकबराच्या कारकिर्दीतील ‘आईन-ए-अकबरी’मध्ये वऱ्हाड सुभ्याच्या हकिकतीत त्याचा उल्लेख येतो; २०२० साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे त्याचे पाणी गुलाबी झाले. लेखिकेने सूक्ष्मदर्शकातून पाहिलेले खाऱ्या पाण्यातील पहिले जीव लोणारचे होते. तिला समुद्राची ओढ कोठून लागली याचा उलगडा मला येथे झाला. माझ्या कपाटातून ती लागली असावी असा माझा समज होता, तो चुकीचा ठरला.

मालवणचे प्रकरण लहान आहे, आणि माझ्या मते ते आणखी पाच-सहा पानांनी वाढावयास हवे होते. १६६४ साली ज्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला, त्याच्या सभोवारचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेथे उधाणाच्या ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवरील डबक्यात तिने पहिले जिवंत समुद्रपुष्प पाहिले. बरणीतले समुद्रपुष्प वांग्याच्या देठासारखे दिसते. हे फुललेले होते, आणि बोटाची सावली पडताच त्याने आपली सगळी शुंडके आत ओढून घेतली. तेथेच तिला पोहणे, श्वासनळी लावून पाण्यावर तरंगत खाली पाहणे आणि पुढे पाण्याखाली श्वसनाची टाकी वापरणे शिकावे लागले. गावच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलीस तळ दिसणाऱ्या पाण्याचीच भीती वाटली, हे वाक्य मला विशेष खरे वाटले; कारण आमच्या विहिरीचा तळ कोणालाच दिसत नाही आणि म्हणून त्याची खोली जाणवत नाही.

पुस्तकाचा गाभा म्हणजे लक्षद्वीप. केरळाच्या किनाऱ्यापासून २२० ते ४४० किलोमीटरांवर अरबी समुद्रात विखुरलेली ही ३६ बेटे मिळून जमीन केवळ ३२ चौरस किलोमीटर. अमरावती जिल्ह्याचे क्षेत्रफळ १२,२१० चौरस किलोमीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे वऱ्हाडी वाचकास त्या मुलखाचे माप कळेल. त्यांतील दहा बेटांवर वस्ती असून २०११ च्या खानेसुमारीत सगळ्यांची मिळून लोकसंख्या ६४,४७३ भरली. तेथे जाण्यास प्रवेशपरवाना लागतो आणि त्यासाठी आपल्या गावच्या पोलिसांचा चारित्र्याचा दाखला जोडावा लागतो. दाखल्यासाठी अर्ज घेऊन लेखिका गेली तेव्हा अंमलदाराने नकाशा मागितला आणि दोघांनी मिळून भिंगाने ते बेट शोधले, हा प्रसंग तिने दोन ओळींत सांगितला आहे. कोचीहून जहाजाने निघाल्यावर दुसऱ्या दिवशी प्रथम दिसली ती जमीन नव्हे, माडांचे शेंडे; समुद्रसपाटीपासून ही बेटे जेमतेम काही मीटर उंच आहेत. बेटाच्या एका अंगाला निळा-काळा खोल समुद्र आणि दुसऱ्या अंगाला प्रवाळभित्तीने अडविलेले हिरवट, उथळ, शांत पाणी, म्हणजे खारकच्छ. या दोहोंच्या मधे एवढीशी पांढरी वाळूची पट्टी, आणि तिच्यावर माणसे, मशिदी, माड, शाळा, दवाखाना.

येथे थोडे थांबून, हा पांढरा पट्टा कसा झाला, त्याविषयी लेखिका जे सांगते ते मी माझ्या शब्दांत मांडतो, कारण सबंध पुस्तकात मला सर्वांत अधिक हेलावून टाकणारा भाग तो आहे. चार्ल्स डार्विन १८३६ च्या एप्रिलमध्ये ‘बीगल’ जहाजावरून हिंदी महासागरातील कीलिंग बेटांवर उतरला आणि १८४२ साली त्याने प्रवाळद्वीपांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी पर्वत हळूहळू खचत जातो, त्याच्या कडेने वाढणारे प्रवाळ मात्र प्रकाशासाठी वर वर बांधीत राहतात, आणि अखेर पर्वत बुडून गेल्यावर त्याच्या परिघाचे कंकण तेवढे उरते, असा त्याचा सिद्धान्त होता. तो तपासण्याचा मार्ग एकच, कंकणद्वीपाला खोल भोक पाडून खाली काळा पाषाण लागतो का ते पाहणे. ते काम पॅसिफिकमधील एनिवेटॉक येथे १९५२ साली झाले, आणि सुमारे १,४०० मीटर प्रवाळाच्या चुन्याखाली बेसाल्ट लागला. एवढे प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते, आणि मीही ते वर्षानुवर्षे शिकविले. परंतु लक्षद्वीपाखालचा पाषाण कोणता, असा प्रश्न मला कधी पडला नाही. तिला तो पडला, कारण ती काळ्या मातीतून आली होती.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारतभूमी उत्तरेकडे सरकत असताना पृथ्वीच्या पोटातील एका तप्त स्थानावरून ती गेली, आणि त्या वेळी भेगांतून उसळलेल्या लाव्हाचे थरांवर थर साचून दख्खनचे पठार झाले, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. आजही हा पाषाण सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. गाविलगड त्याच पाषाणाचा, नरनाळा त्याचाच, चिखलदऱ्याचे कडे त्याचेच, आणि अकोल्याची कपाशी ज्या मातीत उगवते ती कसदार काळी माती मुख्यतः त्याच्याच झिजण्यातून झालेली. भूमी पुढे सरकली, तप्त स्थान मागे राहिले; आणि त्याच्या वाटेवर समुद्राच्या तळाशी ज्वालामुखींची एक दीर्घ रांग उठत गेली, जिला लक्षद्वीप-छागोस पर्वतरांग म्हणतात. १९८७ साली महासागरी वेधनजहाजाने मालदीव आणि छागोस येथील चुन्याखालचा ज्वालामुखी पाषाण वर काढला. त्याचे वय अनुक्रमे सुमारे ५ कोटी ७० लाख आणि ४ कोटी ९० लाख वर्षे भरले, म्हणजे दक्षिणेकडे जावे तसे ते कमी होत गेले. या वाटेच्या दुसऱ्या टोकाला, मॉरिशसपलीकडच्या रीयुनियन बेटावर, तोच अग्नी अद्याप जागा आहे. मालवणात आणि पुढे लक्षद्वीपात पुष्कळ विद्यार्थी लेखिकेबरोबर होते. किनाऱ्यावरची मुले समुद्राला सरावलेली होती आणि ती नव्हती. पण लक्षद्वीपातील कवरत्ती बेटाच्या धक्क्यावर बसून पाय पाण्यात सोडले असता आपल्या घरच्या वावराखालच्या काळ्या खडकाचा एक भाऊबंद येथेही या पांढऱ्या वाळूखाली खोल आहे, हे तिला जाणवले. आणि त्या दिवसापासून परकेपणा गेला, असे ती लिहिते.

आता विहिरीचा प्रसंग. बेटावर नदी नाही, ओढा नाही, तलाव नाही. तरी पुरुषभर खोलीच्या विहिरीत गोडे पाणी लागते. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि, हलके असल्यामुळे, खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत राहते. शास्त्रीय हिशेबाने समुद्रसपाटीच्या वर एक हात गोडे पाणी असेल तर खाली चाळीस हात असावे, पण इतक्या लहान बेटावर दोन्ही पाणी मिसळत असल्याने तो थर फार पातळ राहतो. लेखिका ज्या घरी उतरली होती तेथील परसातली विहीर प्रवाळाच्याच दगडांनी बांधलेली होती. पहाटे पाणी काढताना तिच्या ध्यानात आले की काल संध्याकाळी ओल्या रेषेपर्यंत असलेले पाणी आज वीतभर खाली आहे. तिने दोरीला गाठ मारून ठेवली, तासातासाने पाहिले, आणि भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी ताडून पाहिले. समुद्र चढला की काही वेळाने विहीर चढत होती, समुद्र उतरला की विहीर उतरत होती. घरच्या आजीबाईने खुणेने तिला बजावले की बादली खोल सोडू नकोस, वरवरचे पाणी घे. आणि पाणी उपसणाऱ्या पंपाकडे बोट दाखवून तोंड वाकडे केले. त्याच क्षणी तिला आपल्या आजोबांचे बोलणे आठवले: “माय, विहीर खोल नेली का खारं पानी लागते.” दर्यापूरजवळच्या वावरातील एक वाक्य अरबी समुद्रातल्या एका म्हातारीच्या हातवाऱ्यांत तिला पुन्हा भेटले, आणि तिने ते वहीत लिहून ठेवले.

येथे एक गोष्ट मला गुरू या नात्याने नमूद केलीच पाहिजे. साम्य दिसले म्हणजे कारणही एकच असावे, असे मानण्याचा मोह मोठा असतो, आणि पूर्णेच्या खोऱ्यात एकेकाळी समुद्र होता, त्याचेच हे मीठ, असे आमच्याकडे पुष्कळजण सांगतात. लेखिका त्या मोहात पडली नाही. बेटाच्या विहिरीतील खारेपणा शेजारच्या जिवंत समुद्राचा. पूर्णेच्या खोऱ्यातील खारेपणा हा बारीक चिकणमातीचे शेकडो फूट जाड थर, पाण्याचा निचरा न होणे आणि उन्हाने पाणी उडून क्षार मागे राहणे, यांतून झालेला, हे तिने स्पष्ट केले आहे. मात्र सातपुड्यातील छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली येथे लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात समुद्रात तरंगणाऱ्या फोरॅमिनीफेरा जीवांचे अवशेष सापडल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तेव्हा समुद्राची एखादी शाखा मध्य भारतात आत आली होती, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला, हेही तिने दडविलेले नाही. तो समुद्र कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. पूर्णेचा गाळ त्या मानाने कालचा. दोन्ही विधाने शेजारी-शेजारी ठेवून त्यांतील काळाचे अंतर दाखविणे, हे चांगल्या विज्ञानलेखनाचे लक्षण मी समजतो.

पाण्याच्या तोडग्याचीही तुलना वाचण्यासारखी आहे. आमच्याकडे शहानूर आणि वाण धरणांतून नळाने पाणी येऊ लागले. कवरत्तीस २००५ साली समुद्राच्या पृष्ठभागावरील कोमट पाणी कमी दाबाखाली उकळवून आणि सुमारे ३५० मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ निववून रोज एक लाख लिटर गोडे पाणी करण्याचा कारखाना निघाला. दोन्ही ठिकाणी विहिरी ओस पडू लागल्या, आणि विहिरीबरोबर तिचे शहाणपणही जाईल की काय, ही लेखिकेची चिंता मला सार्थ वाटते.

प्रत्यक्ष संशोधनाची प्रकरणे अधिक सविस्तर आहेत. त्यांचा तपशील मी सांगत नाही, वाचकाने तेथेच पाहावा. प्रवाळभित्तीवर पन्नास मीटरांची फीत पसरून तिच्याखाली येणारा प्रत्येक जीव प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने टिपणे, हे काम ऐकण्यास नीरस आणि करण्यास कष्टाचे. पण त्यातूनच तिची दृष्टी घडली. पाण्याखाली तिने प्रथम ऐकलेला आवाज म्हणजे पोपटमासे आपल्या चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडीत होते त्याची करकर. रात्री गोठ्यात बैल कडबा चावतात तसा तो आवाज, असे ती म्हणते. आणि ज्याने गोठ्याशेजारी झोप काढली आहे त्याला तो आवाज तत्काळ ऐकू येईल. हाच मासा खाल्लेला प्रवाळ दळून वाळू म्हणून टाकतो. मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू करतो, आणि बेटांची पांढरी वाळू पुष्कळ अंशी अशीच झालेली आहे. कुपा, म्हणजे ट्यूना, माशांच्या शिकारीचे वर्णनही उत्तम उतरले आहे. जाळे न टाकता, प्रथम खारकच्छातील प्रवाळांभोवतीचे लहान मासे जिवंत पकडायचे, ते होडीतल्या पाण्यात जपून न्यायचे, कुप्यांचा थवा दिसताच त्यांतील मूठभर समुद्रात उधळायचे आणि मग काठी व बिनकाट्याचा गळ यांनी एकेक मासा होडीत ओढायचा. म्हणजे बाहेरच्या खोल समुद्रातली मासेमारी आतल्या उथळ प्रवाळावर उभी आहे, हे एका फेरीत तिला उमगले. पावसाळ्यात ती मंडळी होड्या ओढून ठेवतात आणि पाऊस संपण्याची वाट पाहतात. आम्ही तो येण्याची वाट पाहतो.

आणि मग २०२४ चा उन्हाळा. तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिला पूर्वीच मिळाले होते: जिवंत प्रवाळ बहुधा तपकिरी, मातकट हिरवा वा पिवळसर असतो, आणि तो रंग त्याचा स्वतःचा नसून त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवलांचा असतो. ही शैवले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्याचा मोठा वाटा प्रवाळास देतात. त्या अन्नाच्या बळावर प्रवाळ चुन्याचे घर बांधतो. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून अंश-दीड अंशाने जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ या शैवलांना बाहेर टाकतो, आणि त्याच्या पारदर्शक कातडीतून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. लक्षद्वीपात हे विरंजन १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी मोठ्या प्रमाणावर झाले. आगत्ती, कडमत आणि कवरत्ती या बेटांवर १९९८ पासून सुमारे दोन तपे चाललेल्या पाहणीत सजीव प्रवाळाचे आच्छादन जवळजवळ निम्म्यावर आल्याचे आढळले. २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत ते पुन्हा झाले. ज्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला आणि तिच्या घरून फोनवर लिंबाच्या सावलीतही बसवत नसल्याचे सांगत होते, त्याच महिन्यात एका सकाळी ती नेहमीच्या ठिकाणी पाण्यात उतरली आणि खाली सगळे पांढरे होते. “मला आमच्या महाविद्यालयातले कपाट आठवले,” एवढेच एक वाक्य तिने त्या दिवसाच्या नोंदीत लिहिले आहे. त्यापुढचे पान तिने कोरे ठेवले आहे, आणि प्रकाशकांनी ते तसेच छापले, याबद्दल मी त्यांचे आभार मानतो.

तो पांढरा झालेला प्रवाळ त्या दिवशी मेलेला नव्हता, हे वाचकाने ध्यानात घ्यावे. पाणी लवकर निवले तर शैवले परत येतात आणि तो जगतो. निवले नाही तर तो उपासमारीने मरतो आणि मग त्याच्यावर दुसरे शेवाळ चढते. तिने पुढील पाच महिने त्याच पन्नास मीटरांची मोजणी चालू ठेवली. कोणते गोळे परत तपकिरी झाले, कोणते हिरव्या शेवाळाखाली गेले, याची तिने दिलेली कोष्टके घाईने उलटून टाकू नयेत. गोलाकार, दगडासारखे, सावकाश वाढणारे प्रवाळ बरेचसे वाचले आणि फांद्यांचे, झपाट्याने वाढणारे पुष्कळ गेले. दुष्काळात कोणते पीक तगते हे पाहत वाढलेल्या मुलीने ही नोंद केली आहे, आणि ती नोंद करण्याची तिची चिकाटी मला तिच्या भाषेहूनही अधिक मोलाची वाटते.

भाषेविषयी दोन शब्द. समुद्रविज्ञान मराठीत लिहावयाचे म्हणजे शब्दांची अडचण येते, ही तक्रार जुनी आहे. लेखिकेने मराठी विश्वकोशातील कंकणद्वीप, खारकच्छ असे संस्कृतोद्भव शब्द घेतले, मालवणच्या मच्छीमारांकडून उधाण, भांग (लहान भरती), कुपा हे शब्द घेतले, आणि जेथे मन भरून आले तेथे वऱ्हाडी घेतली. तिन्ही एका वाक्यात आल्यावरही अडखळल्यासारखे होत नाही. एखाद्या ठिकाणी इंग्रजी संज्ञा देवनागरीत तशीच ठेवली आहे, तीही योग्यच; परिभाषेच्या हट्टापायी अर्थ झाकला जाऊ नये. १८९९-१९०० या काळात लक्षद्वीपातील मिनिकॉय आणि मालदीव येथे केंब्रिजच्या स्टॅन्ली गार्डिनर यांनी केलेल्या पाहणीचा आधार अजूनही घेतला जातो. त्या बेटांविषयी दर्यापूरच्या मुलीने मराठीत पुस्तक लिहावे, यास सव्वाशे वर्षे लागली. उणीव दाखवावयाची तर एकच दाखवीन: बेटावरील स्त्रियांविषयी, ज्यांच्याकडे तेथील मातृवंशीय चालीप्रमाणे घराचा वारसा असतो आणि ज्या ओहोटीला प्रवाळाच्या सपाटीवर चालत अष्टपाद धरतात, तिने फार थोडे लिहिले आहे. भाषा येत नव्हती, हे कारण तिने दिले आहे. ते खरे असले तरी पुढच्या आवृत्तीपर्यंत ती शिकावी, ही माझी सूचना आहे.

परत येताना तिने माझ्यासाठी प्रवाळाचा तुकडा आणला नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात दगडी प्रवाळांचा समावेश झाल्यापासून ते उचलणे हा गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी तिने तो उचलला नसता. तिने आणली ती एक चिठ्ठी. बेटाचे नाव, अक्षांश-रेखांश, खोली, पाण्याचे तापमान, तारीख आणि ‘रंग: तपकिरी, कडा फिकट जांभळी’ असा मजकूर तिने त्यावर स्वहस्ते लिहिला होता. ती चिठ्ठी मी प्रयोगशाळेच्या त्या कपाटात, जुन्या दगडाशेजारी, वेगळ्या काचेखाली लावून घेतली. जुन्या दगडाची चिठ्ठी होती तशीच आहे. तो कोठला, हे आता कळण्याचा मार्ग नाही.

वाचकांस एक विनंती. अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातील ज्यांच्या हाती हे पुस्तक पडेल, त्यांनी विहिरीचे प्रकरण आधी वाचावे, घरातील वृद्ध माणसांस ते वाचून दाखवावे, आणि आपल्या विहिरीच्या पाण्याविषयी ते जे सांगतील ते तारीख घालून लिहून ठेवावे.

अमरावती,
अक्षय्य तृतीया